समोर बसलेला भिडू

वांकिडी,
ता. १२ नोव्हेंबर १९५६

चि. महिपतास कुसुमअक्काचे आशीर्वाद.

अक्षर मनकर्णेचं आहे, बोलणं माझं. माझे डोळे आता ओळ धरत नाहीत.

मनकर्णेचं लग्न वैशाखात झालं, म्हणून यंदाचा दिवाळसण पहिला. तिला मी आठ दिवस आधीच आणली होती. जावई उत्तमराव आणि व्याही चंपतराव राजुऱ्याकडून गाडी जुंपून आले. दोन दिवस गोड गेले. पाडव्याला दुपारची जेवणं झाल्यावर तुझ्या भाऊजींनी रिवाजाप्रमाणे सोंगट्यांचा पट मांडला. पटावर काय झालं ते आता उगाळत बसत नाही, पुरुषांचं काहीतरी बिनसलं. व्याही मध्येच उठले, वहाणा घातल्या आणि मुलाला म्हणाले, "जुंप गाडी." मनकर्णा नवं लुगडं नेसून, गाठोडं बांधून दारात उभी होती. तिला न घेता गाडी गेली.

तुझे भाऊजी गावभर सांगत फिरतात की ही सगळी सरहद्दीची करणी. एक तारखेला राजुरा मुंबई राज्यात गेला, आपण आंध्रात राहिलो. "तिकडचे झाले ना ते आता. त्यांले आमी काऊन पाह्यजे?" असं म्हणतात आणि पान खातात. मी ऐकून घेते. पण पोरगी पंधरा-पंधरा वेळा अंगण झाडते, ते मला बघवत नाही.

व्याही माणूस वाईट नाही. बोलायला बोलावलं तर येणार नाहीत, पण खेळ मांडलाय म्हटलं तर ताटावरून उठून येतील. आपले माणिकराव दुकानदार त्यांचे जुने मित्र, ते म्हणतात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या निमित्ताने मी त्यांना घेऊन येतो. तेव्हा पट नको. तू कोळशाच्या खाणीत कामगारांच्या क्लबाचे खेळ सांभाळतोस ना? ज्यात कोणी कोणाची सोंगटी मारत नाही असा एखादा खेळ पाठव. दोघं एकदा हसून उठले की मी पोरीचा विषय काढते.

तुझी अक्का


बेल्लमपल्ली,
ता. १९ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप अक्कास महिपतचा नमस्कार.

तुझं पत्र हजेरीच्या खिडकीत बसून वाचलं आणि रागाच्या भरात दोन हजर माणसं गैरहजर मांडली. अक्का, पन्नाशीची दोन माणसं सोंगटीवरून भांडतात आणि लेक दारात उभी राहते! आमच्याकडे दिवसभर कोळसा उपसून आलेले लोक कॅरमवर एकमेकांची आई-बहीण काढतात, पण चहाच्या वेळी एकाच बशीत पितात.

तू म्हणतेस एखादा खेळ पाठव. जणू मी बाजारातून कोथिंबीर पाठवतोय. खेळ निवडणं हे सोपं काम नाही, हे मला या क्लबाच्या कपाटाने शिकवलं. पहिल्या पाळीचे लोक वर येतात तेव्हा त्यांना बुद्धिबळ दिलं तर राजाच्या आधी तेच आडवे होतात. त्यांना कॅरम द्यायचा, काहीतरी जोरात मारायला मिळालं की थकवा उतरतो. ऑफिसातले बाबू जिंकले नाहीत तर दुसऱ्या दिवशी फाईल अडवतात, म्हणून त्यांना चौघांचा खेळ द्यायचा, म्हणजे हरल्याचा दोष भिडूवर जातो. तेलुगू लोडर मंडळींना कपाटातलं काही लागतच नाही. ते फरशीवर खडूने पुलीमेका आखतात, म्हणजे आपली वाघबकरी, आणि खडे मांडून बसतात. दसऱ्याला बायकामुलं येतात तेव्हा सापशिडी, कारण तिच्यात अक्कल लागत नाही आणि कोणाचा अपमानही होत नाही. त्यात आता क्लबाच्या नियमांची पाटी उर्दूतून तेलुगूत करायचा हुकूम आलाय. पाटी बदलली तरी भांडणं जुनीच आहेत, पण ते कोणाला सांगू.

व्याह्यांसाठी मी सापशिडी निवडली आहे. कोणी कोणाला मारत नाही. मारतो तो साप, आणि साप काही कोणाचा सोयरा नाही. उद्याच्या मोटारीने आसिफाबादवरून पाठवतो, ड्रायव्हर ओळखीचा आहे. दोघांना शेजारी शेजारी बसव, मध्ये सुपारीचं तबक ठेव. एवढं करून भांडले तर मग त्यांना सापानेच गिळू दे.

भाऊजींना नमस्कार. मनकर्णेला सांग, अक्षर छान आहे.

महिपत


वांकिडी,
ता. ११ डिसेंबर १९५६

चि. महिपत,

तुझ्या सापशिडीचं काय झालं ते ऐक.

चंपाषष्ठीला माणिकरावांनी दिलेला शब्द पाळला. व्याही आले, पण जावई आले नाहीत. व्याह्यांनी खंडोबाला नमस्कार केला, भरीत दोनदा मागून घेतलं, मनकर्णेने वाढलं तेव्हा "बरी हायेस ना बाई?" असंही म्हणाले. मला वाटलं, झालं काम. जेवणानंतर माणिकरावांनी तुझा पुठ्ठा पसरला. साप बघून व्याही हसलेसुद्धा.

अर्धा डाव बरा गेला. मग व्याह्यांची सोंगटी सत्त्याण्णववर पोचली आणि तिथल्या मोठ्या सापाने खाली आणून सोडली. पुढचं दान तुझ्या भाऊजींचं. त्यांची सोंगटी नेमकी एका लांब शिडीच्या पायाशी आली. शिडी चढली असती तर ते थेट शेवटच्या ओळीत जात होते. पण हे चढलेच नाहीत! म्हणाले, "राहू द्या. मी हळूहळू येतो मागून. तुमी पुढं व्हा चंपतराव." किती चांगुलपणा, महिपत. खाली पडलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत आपण कसं वर जायचं, असा विचार त्यांनी केला.

आणि व्याह्यांनी काय केलं? फासा उचलला आणि उरलेल्या भरितात टाकला. "पांडुरंगराव, तुमच्याशी खेळनं म्हंजे भिंतीशी खेळनं हाये," असं म्हणाले आणि चालू लागले. पोरीचा विषय काढायला मी दाराशी गेले तोवर ते वेशीपाशी पोचले होते.

आता तूच सांग, या माणसाला काय हवंय? मला तर वाटतं, भाऊजी म्हणतात तेच खरं. राज्य बदललं की माणसाची नियतही बदलते. (मामा, आईने सांगितलं तसं लिहिलं आहे. — मनकर्णा)

आता संक्रांतीला हळदीकुंकू आहे. तेव्हा विहीणबाई भागाबाई आणि व्याही दोघंही येतील असं माणिकराव म्हणतात. दुसरा खेळ पाठव. फासा नसलेला.

अक्का


बेल्लमपल्ली,
ता. २० डिसेंबर १९५६

अक्का,

शिडी चढायचीच असते! सापशिडी या खेळात माणसाच्या हातात काहीच नसतं, साप आला की उतर, शिडी आली की चढ. तेवढंही भाऊजींना जमलं नाही? मी अडाणी बाईमाणसांना, तीन वर्षांच्या पोरांना हा खेळ खेळताना पाहिलंय. कोणी शिडीच्या पायाशी थांबून "तुमी पुढं व्हा" म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. भाऊजींना नियम नीट समजावून सांग. तुझ्या पत्रात तर ते संत झालेत.

व्याह्यांनाही काही कमी बोलत नाही मी. फासा भरितात टाकणारा माणूस घरात कसा असेल याचा विचार करतोय. पण मनकर्णेला तिथंच नांदायचंय, म्हणून माझे हात बांधलेले.

फासा नको म्हणतेस. मग वाघबकरी घे. इथल्या वर्कशॉपमधल्या एका तेलुगू फिटरने मला पितळेचे वाघ आणि बकऱ्या ओतून दिल्यात, पाट लाकडाचा आहे. यात नशीब नाही, सगळं डोक्याने. पाहुण्याला वाघ करायचं, मान राहतो. भाऊजींनी बकऱ्या घ्यायच्या आणि त्या वाघाला कोंडायचं. नीट खेळले तर तासभर डाव चालतो आणि तासभर दोघांची डोकी एकाच पाटावर वाकलेली राहतात. तेवढ्यात तू भागाबाईंना आत नेऊन पोरीचं बोल. हे मी फार विचार करून निवडलं आहे. याच्यापुढे माझी अक्कल संपते.

एक सांग, पाडव्याला कोणाची सोंगटी मारली गेली होती? तू लिहिलं नाहीस म्हणून विचारतो.

महिपत


वांकिडी,
ता. १७ जानेवारी १९५७

चि. महिपत,

कोणाचीच सोंगटी मारली गेली नव्हती. ते सोड.

संक्रांतीला दोघं आले. भागाबाई माझ्याशी गोड बोलल्या, तिळगूळ घेतला, मनकर्णेच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. बाहेर वाघबकरी मांडली होती. मी आत लुगड्याची घडी उघडतेय तोवर बाहेर डाव संपला! तासभर म्हणाला होतास ना? पाव तासही झाला नव्हता. तुझ्या भाऊजींनी एकेक बकरी उचलून वाघाच्या तोंडापुढे ठेवली. माणिकराव कपाळावर हात मारून घेत होते. व्याह्यांनी शेवटची बकरी खाल्ली आणि पाटावरून नजर न काढता म्हणाले, "असंच तुमी त्या रोजी मले वाघाच्या तोंडी घातलं व्हतं."

मग भागाबाई बाहेर आल्या आणि त्यांच्या देखत व्याही म्हणाले, "होळीच्या आत इमानाची एक तरी गोष्ट दाखवा. नाईतर मनकर्णेची पेटी गाडीत घालून मी सोता आणून ठेवतो." पेटी परत येणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. लग्नात दिलेली पेटी परत आली की त्या घरात मुलीचं काही उरलं नाही.

तुझे भाऊजी दिवसभर ओसरीवर बसून असतात. मी विचारलं, इमान म्हणजे काय हवं त्यांना? तर म्हणाले, "मी त्यांले एकदाबी दुखवलं नाई कुसुम. एकदाबी नाई." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

खेळ पाठवू नकोस आता. माझा खेळावरचा विश्वास उडाला.

अक्का


बेल्लमपल्ली,
ता. २६ जानेवारी १९५७

अक्का,

आज सुटी आहे, झेंडावंदन झालं, क्लबात मी आणि शिपाई फकिरा दोघंच होतो. फकिरा निजामाच्या वेळेपासून इथं आहे. लिहिता येत नाही, पण या क्लबात कोण कोणाशी का बोलत नाही ते त्याला तोंडपाठ आहे. मी वैतागून त्याला तुझी तिन्ही पत्रं वाचून दाखवली. म्हटलं, तीन महिने झाले, तीन खेळ झाले, एक मुलगी माहेरी बसली आहे, आणि मला कळेना की या दोन म्हाताऱ्यांना कोणता खेळ चालेल.

फकिराने चहाची कपबशी धुऊन पालथी घातली आणि म्हणाला, "साब, आप खेल पूछरे. पैले ये पूछो, उस दिन कौन किसके सामने बैठा था."

अक्का, मी कपाळावर हात मारला. चौघांच्या पटात समोरासमोर बसलेले दोघं एका बाजूचे, एकमेकांचे भिडू असतात. बाजूचे दोघं विरुद्ध. हे मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. आणि मी तीन महिने या दोघांना एकमेकांच्या विरुद्ध समजून खेळ निवडतोय! ते विरुद्ध होते की नव्हते हेच मी विचारलं नाही, आणि तू सांगितलं नाहीस. आजाराचं नाव न सांगता तू माझ्याकडून औषध मागवत होतीस. वर "ते सोड"!

मी रागात आहे आणि राग लपवत नाही. मनकर्णे, हे पुढचं तुला. आई सांगेल ते यावेळी लिहायचं नाही. पाडव्याला पटाच्या चार बाजूंना कोण कोण बसलं होतं, काय झालं, तू पाहिलं तसं लिही. आईला मी समजावीन. आणि आणखी एक. तीन महिन्यांत मी तुला एकदाही विचारलं नाही, ते आता विचारतो. तुला त्या घरी जायचं आहे का?

मामा


वांकिडी,
ता. २ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप मामास मनकर्णेचा नमस्कार.

हे पत्र मी एकटीच लिहिते आहे. आई मागच्या परसात मिरच्या वाळवते आहे. तिने सगळं लपवलं ते बाबांच्या अब्रूसाठी, तुम्हाला फसवायला नाही.

पाडव्याला बाबांनी स्वतः पाट मांडले. सासऱ्यांना मान म्हणून आपल्या समोरचा पाट दिला. पाहुण्याच्या तोंडाकडे तोंड करून बसायचं, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे बाबा आणि सासरे भिडू झाले. उरलेल्या दोन पाटांवर माणिकराव आणि हे बसले, ते दोघं दुसऱ्या बाजूचे.

मी दाराआड उभी राहून बघत होते. सासरे फार छान खेळतात. त्यांच्या चारही सोंगट्या घरात गेल्या. बाबांच्या दोन राहिल्या होत्या. यांची एक सोंगटी बाबांच्या सोंगटीच्या पुढे पाच घरांवर उभी होती आणि बाबांच्या कवड्या पडल्या त्या पाच. मारायची, एवढंच करायचं होतं. बाबांनी दुसरी सोंगटी चालवली. सासऱ्यांना वाटलं, नजरचूक. पुढच्या फेरीत पुन्हा तसंच दान पडलं, बाबांनी पुन्हा सोडली. तिसऱ्यांदाही सोडली. यांची ती सोंगटी घरात गेली आणि डाव गेला.

सासऱ्यांनी विचारलं, "काऊन मारली नाई?"

बाबा म्हणाले, "आज जावयाचा दिवाळसण. जावयाची सोंगटी मी कशी मारू? माह्या हातानं होनार नाई ते."

बाबांना वाटलं, व्याही खूश होतील. सासरे उभे राहिले. म्हणाले, "मी तुमच्या भरवशावर डाव मांडला. तुमी माह्या समोर बसून दुसऱ्याचं खेळले. सोयरीक बी तुमी अशीच केली असन." हेही चिडले. "मी का लहान पोर हावो, मले जिंकवून द्याले?" म्हणाले. बाबांना अजून कळलेलं नाही की आपलं काय चुकलं. ते सापशिडीत थांबले, बकऱ्या पुढे केल्या, ते सगळं माफी मागायलाच. सासऱ्यांना मात्र प्रत्येक वेळी तोच पाडवा दिसला. मामा, तुम्ही पाठवलेल्या खेळांनी बाबांना सोडून द्यायच्या नवनव्या तऱ्हा मिळाल्या, एवढंच झालं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला जायचं आहे. घर चांगलं आहे. सासरे तापट आहेत पण खोटं बोलत नाहीत, आणि हे मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावतात आणि ऐकतात. इथं मला कोणी काही विचारलं नव्हतं.

तुमची मनकर्णा


बेल्लमपल्ली,
ता. ११ फेब्रुवारी १९५७

भाऊजी, अक्का आणि मनकर्णा, तिघांनाही मिळून हे पत्र.

मनकर्णेला कोणी रागावू नये. मीच तिला लिहायला लावलं.

चार दिवस मी डबा खाताना कागदावर चार पाट काढून बसतोय. भाऊजी आणि जावई एका बाजूला, व्याही आणि माणिकराव दुसऱ्या बाजूला, असं बसवलं तर भाऊजी व्याह्यांची सोंगटी सोडणार आणि जावई त्यांच्यावर चिडणार. भाऊजी आणि माणिकराव एका बाजूला बसवले तर भाऊजींच्या विरुद्ध व्याहीही आहेत आणि जावईही, मग ते दोघांनाही सोडणार आणि डाव दिवाळीपर्यंत संपणार नाही. व्याह्यांच्या समोर बसवले तर पाडवा पुन्हा होणार. भाऊजी, तुम्हाला कुठंही बसवलं तरी तुम्ही हरायलाच बसता. मोठ्या माणसाला असं लिहू नये, पण लिहितो. व्याह्यांना तुमची सोंगटी नको होती, तुमची साथ हवी होती. समोर बसल्यावर जावईही विसरायचा असतो. एवढं त्यांच्यासमोर एकदा तोंडाने बोला. खेळ मांडूच नका.

मी स्वतः येणार होतो, पण निवडणूक आली आहे आणि साहेबांनी कोणाचीच रजा मंजूर केली नाही. माझ्याकडे कपाटभर खेळ आहेत आणि यातला एकही तुमच्या घराच्या कामाचा नाही. मी हरलो.

महिपत


राजुऱ्याजवळून,
ता. १३ मार्च १९५७

तीर्थरूप मामास मनकर्णेचा नमस्कार.

पत्ता बघून तुम्हाला कळलंच असेल. काय झालं ते सांगते, कारण आई सांगेल तेव्हा त्यात रडणंच जास्त असेल.

होळीला आठ दिवस होते तेव्हा गाडी आली. सासरे आणि हे पुढे बसलेले, मागे माझी पेटी. सासऱ्यांनी बोललेलं खरं केलं. ह्यांनी पेटी उतरवली आणि ओसरीवर ठेवली, माझ्याकडे बघितलं नाही. आई आत जाऊन बसली. बाबांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं होतं. ते बोलायला उभे राहिले, "चंपतराव, माह्यं चुकलं" एवढं म्हणाले, आणि पुढचं काही बाहेर पडेना. सासरे म्हणाले, "तोंडानं चूक समदेच म्हनतात पांडुरंगराव." माणिकरावांनी त्यांना चहापुरतं बसवलं.

चहा झाला. जायचीच वेळ होती. सासऱ्यांची नजर कोनाड्यातल्या पटाकडे गेली आणि ते म्हणाले, "आखरीचा एक मांडा. मंग तुमचा आमचा राम राम." मामा, त्यांना खेळ सोडवत नाही हे आईने पहिल्या पत्रात लिहिलं ते खरंच होतं. माणिकरावांनी हात जोडले, "मी नाई बसत आता या घरात पटाले." चौथं माणूस नव्हतं.

मी डोक्यावर पदर घेतला आणि सासऱ्यांच्या समोरच्या पाटावर जाऊन बसले.

आईच्या तोंडून "अवं" एवढंच निघालं. सुनेने सासऱ्यांच्या समोर असं बसायचं नसतं हे मला कळत होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि कवड्या उचलल्या. बाबा आणि हे दुसऱ्या बाजूचे झाले.

मी यांची सोंगटी दोनदा मारली. पहिल्यांदा हे चिडले, दुसऱ्यांदा हसले. पाडव्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. पण बाबांचं तेच. माझी एक सोंगटी त्यांच्या तोंडाशी उभी होती, दान नेमकं पडलं आणि त्यांनी ती सोडली. "लेकीची हाये," असं पुटपुटले. ह्यांनी डोक्याला हात लावला. सासऱ्यांनी मांडी मोडली आणि एक हात जमिनीवर टेकला, आता ते उठणार हे मला दिसलं. ते उठले असते तर मामा, मी आज वांकिडीतच असते.

दान माझं होतं. बाबांनी मारायचं सोडून चालवलेली दुसरी सोंगटी घराच्या वळणावर होती, पुढच्या दानाला ती घरात गेली की डाव त्यांचाच होता. माझ्या दोन सोंगट्या उरल्या होत्या. मागची चालवली तर बाबा वाचत होते. सातचं दान पडलं आणि मी बघितलं, तर त्यांनी सोडलेली ती सोंगटी नेमकी त्यांच्या सोंगटीवर पोचत होती.

आई दारातून म्हणाली, "मनू, बाप हाये तुहा."

मी मारली. बाबांची सोंगटी उचलून त्यांच्या हातात दिली.

मग सासऱ्यांनी जमिनीवरचा हात काढला आणि पुन्हा मांडी घातली. डाव आम्ही जिंकलो. उठताना ते ह्यांना म्हणाले, "पेटी गाडीत ठेव. आन् तिले बसव." बाबांना म्हणाले, "पांडुरंगराव, तुमी तुमच्या पोरीले चांगलं शिकवलं, सोताच शिकले नाई." बाबांनी मान हलवली. ते दोघं एकमेकांच्या गळ्यात वगैरे पडले नाहीत, पण पान एकाच डब्यातून घेतलं.

मी गाडीत बसले. आईने ओटी भरली. बाबा चाकापाशी आले आणि हळूच विचारलं, "मनू, मले मारताना तुहा हात थरथर कापला नाई ना?"

मी म्हटलं, "नाई बाबा."

"मंग चांगली नांदशील," असं म्हणाले आणि बैलांच्या पाठीवर थाप मारली.

मामा, माझा हात इतका कापत होता की पटावरची ती सात घरं मी तीनदा मोजली, आणि तिन्ही वेळा ती सातच निघाली.

तुमची मनकर्णा